डब्ल्यूचा रिकामा खण

डब्ल्यू संपले.

खणात बोट घातलं तर बोटाला नुसतं लाकूड लागलं. मी खणांची लाकडी केस दोन्ही हातांनी हलवून बघितली. कोपऱ्यात अडकलेला एखादा तरी खाली येईल असं वाटलं. एकही आला नाही. तिसरं पान अर्धं व्हायचं होतं आणि पुढच्या प्रत्येक ओळीत डब्ल्यू होता. काही ओळींत तर तीन-तीन. मला वाटलं, कुणीतरी चोरले. दुसरं काय वाटणार?

आधी आमचं काम सांगतो. आता ते कुठं राहिलं नाही, म्हणून सांगावं लागतं. मी कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा. खिळा शिशाचा असतो, काडीपेटीतल्या काडीपेक्षा थोडा जाड आणि आखूड. त्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही उलटं. लाकडाच्या मोठ्या उथळ पेटीला केस म्हणायचं. केसला खण असतात आणि एका खणात एकच अक्षर. डाव्या हातात लोखंडी स्टिक धरायची, उजव्या हातानं एकेक खिळा उचलून तिच्यात ओळ लावायची. ओळींचं पान झालं की दोऱ्यानं बांधायचं, शाई लावून एक कच्चा कागद काढायचा. ते प्रूफ. गिऱ्हाइकानं प्रूफ तपासून खाली सही केली की मग मशीनवर चढवायचं. छापून झालं की पान सोडायचं, म्हणजे सगळे खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. झालं. याच्यात काही चमत्कार नाही. डोळे जातात आणि पाठ जाते, एवढंच.

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आजही येत नाही. पण कंपोझिटरला वाचायची गरज नसते. कागदावर जो आकार दिसतो तोच खिळा उचलायचा. इंग्रजी अक्षरांची नावं तेवढी पाठ होती. मी ती आकारानं ओळखायचो, जसं माणूस चालीवरून ओळखतो.

प्रेस उस्मानपुऱ्यात होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. मालक हमीदभाई. त्यांच्या वडलांचा निजामाच्या काळात उर्दूचा छापखाना होता, दगडावर लिहून छापायचा. पोलीस ॲक्शन झाल्यावर कचेऱ्यांचं काम उर्दूचं मराठी झालं आणि त्यांनी मराठी खिळे घेतले. इंग्रजी खिळे नंतर कुठल्या तरी बंद पडलेल्या प्रेसमधून उचलले. एकच केस. इंग्रजी लागायचं तरी किती? लेटरहेड, कार्ड, एखादी नोटीस.

तर इंग्रजी लावणारा माणूस काम सोडून गेला आणि त्याच वेळी कुलकर्णी सर चोपडी घेऊन आले. हमीदभाईंनी मला बोलावलं.

"कडुबा, ये किताब निकालेगा?"

"निघंल की."

"आठ सफे हैं. निकाल दी तो तू पक्का. पीछे की खोली तेरी. नै निकली तो फुलंब्री की बस पकड."

खोली. मला बाकी काही ऐकू आलं नाही. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. आमच्या घरची तिकडं फुलंब्रीला माझ्या भावाच्या घरात, आणि मी इथं प्रेसमध्ये कागदाच्या गठ्ठ्यांशेजारी पथारी टाकून. भाऊ दर आठवड्याला भाजी घेऊन शहरात यायचा. येताना तिचा निरोप आणायचा. निरोप एकच असायचा: "खोलीचं काय झालं?" माझ्या तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. ती तशीच होती. कामाचं तेवढं बोलायची.

कुलकर्णी सर रिटायर मास्तर. आजोबा निजामाच्या दफ्तरात कारकून, वडील मास्तर, हेही मास्तर. इंग्रजी शिकवून शिकवून यांना जुन्या शब्दांचा नाद लागला. म्हणजे इंग्रजीतले असे शब्द, जे आता साहेबसुद्धा बोलत नाही. त्यातही यांनी एकाच शेपटीचे शब्द गोळा केलेले. शब्द कुठलाही असो, शेवटचे चार खिळे तेच: डब्ल्यू, आय, एफ, ई. शब्द, खाली त्याचा अर्थ, खाली तो कुठं सापडला. सगळं टाइप करून आणलं होतं म्हणून बरं. हातानं लिहिलेलं असतं तर मी पहिल्याच दिवशी बस पकडली असती.

मी नामदेवमामांना विचारलं होतं, "मामा, जे शब्द कुणी बोलत नाही ते छापायचे कशाला?" नामदेवमामा म्हणजे मराठीच्या केसवरचे जुने कंपोझिटर. मला खिळा धरायला त्यांनीच शिकवलं.

ते म्हणाले, "तुला काय करायचं? लग्नपत्रिकेतला मुहूर्त पण नंतर कुणी बघत नाय. छापतोच ना?"

शेवटचे चार खिळे सारखेच, हे मला पहिल्या पानावरच कळलं. आकार तोच तोच येत होता. मी हुशारी केली. दुपारी रिकामा वेळ होता तेव्हा चार-चार खिळ्यांच्या पंचवीस-तीस शेपट्या आधीच जुळवून एका पट्टीवर उभ्या करून ठेवल्या. मग शब्द आला की पुढचं डोकं लावायचं आणि मागं तयार शेपटी चिकटवायची. काम झपाट्यानं व्हायला लागलं. दोन पानं दीड दिवसात. हमीदभाईंनी लांबूनच मान हलवली. मी भावाबरोबर निरोप धाडला: "चुलीचं सामान बघून ठेव."

आणि तिसऱ्या पानावर डब्ल्यू संपले.

मी नामदेवमामांकडं गेलो. "मामा, माझे डब्ल्यू घेतले का?"

मामांनी चष्म्यावरून बघितलं. "मराठीत डब्ल्यू लागतो का रे, शहाण्या?"

खरंच होतं. मी फरशी झाडली. मशीनखाली वाकून बघितलं. शेजारच्या व्हीच्या खणात चार डब्ल्यू चुकून पडलेले सापडले, ते ओळीत गेले आणि संपले. माझं डोकं चालेना. केस भरलेली होती, ए होते, टी होते, ई तर मूठभर उरले होते. एकच अक्षर कसं संपतं? भाकरीचं पीठ संपतं तसं अक्षर संपतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मराठीच्या केसवर असं कधी झालं नव्हतं.

आता मला कळतं. खिळे विकणारा हिशोबानं देतो. इंग्रजीत जे अक्षर जास्त लागतं ते जास्त, जे कमी लागतं ते कमी. डब्ल्यू कमी देतात. त्यात आमची केस जुनी, आधीच खिळे गळालेली. आणि सरांच्या चोपडीत प्रत्येक शब्दाला एक डब्ल्यू शेपटीत, दोन-तीन खालच्या अर्थात. एवढे डब्ल्यू एका जागी कुठलाही माणूस लिहीत नाही. सरांनी लिहिले.

पण हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, आपण कुठंतरी चुकलो. हमीदभाईंना सांगावं तर ते म्हणणार, तुला जमत नाही. मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

एमचे खिळे भरपूर होते. एम उलटा धरला तर डब्ल्यूसारखा दिसतो. मला तरी दिसला. मी एम उलटे लावायला सुरुवात केली.

संध्याकाळी नामदेवमामा माझ्या पानाजवळून गेले आणि थांबले. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. सगळे खिळे सुलटे लागले की सगळ्या खाचा एका बाजूला येतात, ओळभर सरळ रेघ दिसते. अंधारातसुद्धा अंगठ्यानं कळतं. मामांनी अंगठा फिरवला.

"कडुबा, ह्या खाचा पलीकडं तोंड करून का बसल्या?"

"काय नाय मामा. इंग्रजीत तसंच असतं."

मामांनी अंगठा काढून घेतला. फक्त म्हणाले, "बरं. तू शिकलेला माणूस."

दुसऱ्या दिवशी प्रूफ काढलं. हमीदभाईंनी कागद उजेडात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"कडुबा, ये क्या? ये हरफां कायकू उछल रहे?"

मी बघितलं. उलटे एम बाकीच्या ओळीच्या वर उडाले होते. ज्वारीच्या लाह्या फुटताना दिसतात तसे. इंग्रजी अक्षर खिळ्याच्या मधोमध नसतं, हे मला माहीत नव्हतं. खाली थोडी जागा, वर जास्त जागा. उलटं केलं की ते वर जाऊन बसतं.

मी सगळं सांगितलं. हमीदभाई चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "देख, इलाज एकच है. पयले दो सफे छाप के छोड दे. उसके डब्ल्यू निकाल, आगे लगा. फिर दो छाप, फिर छोड."

"मग तसंच करतो."

"कैसे करेगा? सर की सही किधर है?"

तिथं सगळं अडलं. आमच्या प्रेसचा नियम पक्का होता: गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय पान छापायचं नाही आणि छापल्याशिवाय सोडायचं नाही. आणि सर सही करत नव्हते. रोज सकाळी यायचे, बाकावर बसायचे, प्रूफ वाचायचे, मान हलवायचे, आणि मग खिशातून एक चिठ्ठी काढायचे. कधी बसच्या तिकिटामागं लिहिलेलं, कधी औषधाच्या पाकिटावर. "हा एक राहिला होता. काल आठवला. पहिल्या पानावर जाईल." शब्द ओळीनं लावलेले, त्यामुळं एक मधे घुसला की खालचं सगळं पान सरकायचं. सरकलं की सर म्हणायचे, "आता पुन्हा एक प्रूफ दाखव." दोन पानं चार दिवस तशीच बांधून पडली होती. डब्ल्यू त्यांच्या पोटात, आणि माझा खण रिकामा.

त्या शनिवारी भाऊ भाजी टाकून प्रेसवर आला. म्हणाला, "तिनं ट्रंक बांधलीय. विचारायली, कधी येऊ?" मी म्हणालो, "सांग, डब्ल्यू संपलेत." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि गेला. घरी जाऊन काय सांगितलं देव जाणे. नंतर ती म्हणायची, मला वाटलं तुम्हाला कसली बिमारी झाली.

सोमवारी सर आले. बाकावर बसले. प्रूफ वाचलं. उडालेली अक्षरं बघून कपाळावर आठ्या आल्या. मग हात खिशात गेला. मी हातातली स्टिक खाली ठेवली.

"सर, चिठ्ठी काढू नका."

"काय?"

"चिठ्ठी काढू नका. सही करा."

हमीदभाई टेबलामागून उठले. "कडुबा, चूप."

मी चूप बसलो नाही. माझ्या तोंडाला तेव्हाही लगाम नव्हता. मी म्हणालो, "सर, तुम्हीच म्हणता हे शब्द मेलेत. कुणी बोलत नाय. मग दोन-चार राहिले तर त्यांचं काय बिघडणार हाय? ते काय वाट बघत बसलेत का? माझी बायको जिती हाय. ती तिकडं ट्रंक बांधून बसलीय."

प्रेसमध्ये मशीन चालू होतं, ते कुणीतरी थांबवलं. मला वाटलं, संपलं. आता फुलंब्रीची बस.

सरांचा हात चिठ्ठीसकट खिशाबाहेर आला. मग म्हणाले, "बायकोचा इथं काय संबंध?"

मी सांगितलं. खोली, पक्कं होणं, डब्ल्यू, उलटा एम, सगळं. सर ऐकत गेले आणि मधेच हसायला लागले. मला राग आला. हे काय हसायचं काम?

"अरे, तुला ठाऊक आहे का तू काय जुळवतोयस? हे शेवटचे चार टाइप?"

"शेपटी."

"शेपटी नव्हे. बायको. इंग्रजीत बायकोला हेच म्हणतात."

माझा विश्वास बसेना. आठवडाभर मी पट्टीवर बायका उभ्या करत होतो आणि मलाच पत्ता नाही. मी पहिल्या पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. "मग हे काय?"

"एगवाइफ. एग म्हणजे अंडं."

"अंड्याची बायको?"

नामदेवमामा तिकडून हसले. सर म्हणाले, "नाही रे. फार पूर्वी या शब्दाचा अर्थ नुसता 'बाई' असा होता. अंडी विकणारी बाई. ही ॲपलवाइफ, सफरचंदं विकणारी. ही हर्बवाइफ, पालेभाजी आणि जडीबुटी विकणारी. ही हेनवाइफ, कोंबड्या सांभाळणारी. त्यांच्याकडचे बाजार बदलले, बाया गेल्या, शब्दही गेले."

मी म्हणालो, "म्हणजे अंडेवाली, भाजीवाली. आमच्याकडं रोज दारावर येतात."

सर हसायचे थांबले. प्रूफवर बोट ठेवून पुटपुटले, "अंडेवाली. भाजीवाली. बरोबर." परत एकदा वरून खाली वाचत गेले. काय झालं होतं मला कळलं नाही. मी काही फार मोठं बोललो नव्हतो.

"चाळीस वर्षांत ही वही कुणी नीट बघितली नाही," ते म्हणाले. "शाळेत पोरं हसायची. घरचे म्हणतात रद्दी. एकदा छापून झाली की संपलं, मग मी सकाळी उठून शोधायचं काय?"

मी चौथी शिकलेला. मी म्हणालो, "ते मला काय माहीत, सर. पण सही नाय झाली तर छापून पण होणार नाय आणि वही रद्दीतच जाईल."

हमीदभाईंनी डोळे मिटून घेतले. सरांनी पेन काढलं. पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्यावर केली. मग हातातली चिठ्ठी बघितली, घडी घातली आणि परत खिशात ठेवली.

त्या दुपारी दोन पानं छापली. शाई पुसून सोडली. डब्ल्यूच्या खणात डब्ल्यू पडताना टकटक आवाज आला, तो मी कान देऊन ऐकला. तिसरं आणि चौथं लावलं. सर सकाळी आले, सही केली, गेले. मग पाचवं-सहावं, मग सातवं-आठवं. चोपडी निघाली. एकही अक्षर उडालेलं नव्हतं.

छापून, शिवून झाल्यावर सरांना त्या चिठ्ठीवरच्या शब्दावाचून राहवलं नाहीच. ते प्रेसमध्ये बाकावर बसले आणि प्रत्येक चोपडीत पहिल्या पानाच्या खाली तो शब्द पेननं लिहिला. दोनशे चोपड्या. तीन दिवस लागले. नामदेवमामा म्हणाले, "सर, आता तुम्ही पण पक्के झाले."

हमीदभाईंनी मला खोलीची किल्ली दिली. म्हणाले, "गिऱ्हाइक से ऐसा बात करते क्या? दुसरा कोई होता तो चला जाता." मग म्हणाले, "जा, ले के आ उसकू."

आमच्या घरची आली. ट्रंक, दोन पातेली आणि पाटा-वरवंटा. खोली बघून म्हणाली, "खिडकी कुठंय?" खिडकी नव्हती. तरी राहिली. दोन महिन्यांत हमीदभाईंनी तिला प्रेसमध्येच काम दिलं, छापलेल्या कागदांना घड्या घालायचं. हाडाच्या पट्टीनं कागद दाबून अशी घडी घालायची की कडेला कड. मला तशी कधी जमली नाही. नंतर ती तेच काम एकोणतीस वर्षं करत होती.

पहिल्या दिवशी हजेरीच्या रजिस्टरात तिची नोंद करायची होती. हमीदभाईंनी पेन उघडलं. "क्या लिखूं? कडुबा की औरत?"

मला सरांच्या चोपडीचा माज होता. मी पुढं होऊन म्हणालो, "नाय. घडीवाली लिवा."

ती डोक्यावरचा पदर सारखा करून कागदाच्या ढिगाजवळ बसली होती. मान वर न करता म्हणाली, "का? मला नाव न्हाय का? कौसाबाई लिवा."

हमीदभाई इतके हसले की पेन सांडलं. "ले कडुबा. प्रूफ वापस आया."

कौसाबाई जाऊन आठ महिने झाले. मुलगी बजाजनगरला असते, ती म्हणते, बाबा, प्रेसचं काहीतरी लिहा, बसून राहू नका. म्हणून हे लिहिलं. यातून घ्यायचं ते एवढंच: काम हातात घ्यायच्या आधी खण बघून घ्यावेत. आणि मजकूर ज्याचा असेल त्याला आधी विचारावं, आपल्या मनानं काही लावू नये.

त्या दिवशी रजिस्टरात तिचं नाव चढलं. मी ते लांबून वाचलं. तोंडानं म्हणायचं धाडस पुढंही कधी झालं नाही.